दाब ठीक, बोट पांढरं: विषाणूजन्य न्यूमोनियातलं सूक्ष्म रक्ताभिसरणाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ५२ वर्षांचे गृहस्थ, उंची १७० सेंटिमीटर. बऱ्याच वर्षांचा उच्च रक्तदाब, गोळ्या नियमित, मधुमेह नाही. ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे गाळले आहेत. पाच दिवस ताप आणि कोरडा खोकला अंगावर काढल्यावर दम लागायला लागला तेव्हा ते दाखल झाले. घशाच्या नमुन्यात इन्फ्लुएन्झा ए, एच१एन१ सापडला. ओसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झालं, सोबत जिवाणूंच्या संसर्गाची शक्यता धरून अँटिबायोटिक. पुढे कल्चरमध्ये काही वाढलं नाही.

दाखल झाल्याच्या रात्रीच श्वासनलिकेत नळी घालावी लागली. नळी घालताना भुलीच्या औषधांनी रक्तदाब कोसळला, म्हणून सलाइन भराभर दिलं गेलं. लघवी कमी झाली, पुन्हा सलाइन. लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ, वाढलं, पुन्हा सलाइन. तिसऱ्या दिवशी सकाळी हिशेब मांडला तेव्हा शरीरात ५.२ लिटर पाणी जास्तीचं साठलेलं होतं. यातला प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी योग्य वाटेल असाच होता. बेरीज मात्र कोणी केलेली नव्हती.

अडचण

तिसऱ्या दिवशी सकाळी मॉनिटरवरचे आकडे पाहून कोणीही पुढच्या खाटेकडे वळलं असतं. सरासरी रक्तदाब ६८, म्हणजे ६५ या उद्दिष्टाच्या वर. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९३. नाडी ११२. हा दाब टिकवायला नॉरॲड्रेनॅलिन दर किलोला मिनिटाला ०.३५ मायक्रोग्रॅम लागत होतं. डोस मोठा होता, पण गेले सहा तास स्थिर होता.

कूस बदलताना सिस्टरांच्या लक्षात आलं की दोन्ही गुडघ्यांभोवती जांभळट जाळी उमटली आहे आणि ती मांडीच्या दिशेने वर सरकली आहे. सावळ्या कातडीवर हे डाग पटकन दिसत नाहीत. आडव्या उजेडात, पांघरूण पूर्ण बाजूला करून पाहावं लागतं. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर काचपट्टीने दहा सेकंद दाबून सोडलं. रंग परत यायला ६ सेकंद लागले. ३ सेकंदांच्या वर वेळ लागला तर तो बिघाड मानतात.

मग बाकीचे आकडे गोळा केले. लॅक्टेट ३.४. लघवी तासाला १५ मिलिलिटर. मोठ्या शिरेतला दाब १६. शिरेतल्या आणि धमनीतल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबातला फरक ९. तो ६ च्या वर गेला की पेशींनी टाकलेला वायू वाहून न्यायला पुरेसं रक्त फिरत नाही असं समजतात.

कालवा भरून वाहतो आहे आणि पाटाला पाणी नाही, अशी ही स्थिती. धमन्यांतला दाब म्हणजे कालव्याची पातळी. पेशीला ऑक्सिजन मिळतो तो पाटातून, म्हणजे पाच ते दहा मायक्रोमीटर रुंदीच्या केशवाहिन्यांतून. तांबडी पेशी स्वतःच सात-आठ मायक्रोमीटरची, म्हणजे तिला अंग चोरून, एकेकटीच पुढे सरकावं लागतं. वाहिनीचं अस्तर सुजलं, तिथे पांढऱ्या पेशी चिकटल्या, बाहेरून पाण्याचा दाब आला किंवा पुढची शीर तुंबली की ही वाट बंद होते. शेजारची उघडी असते, ही बंद. दाब मोजणाऱ्या यंत्राला यातलं काहीच कळत नाही.

या रुग्णात प्रश्न आणखी एका पायरीने अवघड होता. विषाणूजन्य न्यूमोनियात सूक्ष्म रक्ताभिसरणाची दोन वेगळी क्षेत्रं आजारी पडतात: फुप्फुसातलं आणि उरलेल्या शरीरातलं. एकाला सोसणारा उपाय दुसऱ्याला सोसेलच असं नाही.

फुप्फुसाची खूण व्हेंटिलेटरच्या आकड्यांत होती. प्रत्येक श्वास ४०० मिलिलिटर, म्हणजे आदर्श वजनाच्या किलोला ६ मिलिलिटर. मिनिटाला २६ श्वास. पीप, म्हणजे श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, १४. श्वास भरून थांबवल्यावरचा प्लॅटो दाब ३१. ऑक्सिजन ८० टक्के देऊनही धमनीतला ऑक्सिजनचा दाब फक्त ६८. आणि मिनिटाला दहा लिटरहून जास्त हवा आत-बाहेर करूनही कार्बन डायऑक्साइड ५८. यावरून काढलेलं व्हेंटिलेटरी गुणोत्तर २.४ आलं, निरोगी माणसात ते १ च्या आसपास असतं. याचा अर्थ बरीचशी हवा फुप्फुसाच्या अशा भागांत जात होती जिथे तिला भेटायला रक्तच नव्हतं.

तिथे रक्त का नव्हतं, या प्रश्नाभोवतीच पुढचे सगळे निर्णय फिरले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय आणखी सलाइन देण्याचा. लघवी कमी, लॅक्टेट जास्त, बोट पांढरं; यावर हात आपोआप सलाइनकडे जातो. पण आधी पाय उचलून पाहिले. पायांकडचं रक्त हृदयाकडे वळवल्यावर ठोक्यागणिक बाहेर पडणारं रक्त १० टक्क्यांहून जास्त वाढलं तर सलाइनचा उपयोग होईल असं धरतात. इथे वाढ जेमतेम ३ टक्के. शिवाय जास्तीचं पाणी केशवाहिन्यांचं दोन्हीकडून नुकसान करतं: रक्त पातळ होऊन तांबड्या पेशींची दाटी घटते आणि ऊती सुजल्याने वाहिनी ते पेशी हे अंतर वाढतं. ऑक्सिजनला ते अंतर विसरणानेच, म्हणजे स्वतःहून झिरपत कापावं लागतं. त्याला ढकलणारा पंप तिथे नाही. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

दुसरा, दाब वाढवण्याचा. रुग्णाला जुना रक्तदाब होता. अशा माणसाच्या अवयवांना ६८ कमी पडत असेल ही शंका रास्त होती. यावर वाद घालण्यापेक्षा तासाभराची चाचणी करायचं ठरलं: नॉरॲड्रेनॅलिन वाढवून सरासरी दाब ८० च्या पुढे न्यायचा, बोट पुन्हा दाबायचं, फरक नसेल तर मागे यायचं. डोस ०.४८ पर्यंत गेला, दाब ८२ झाला, बोटाला पुन्हा ६ सेकंदच लागले. डोस मागे घेतला. मॉनिटरवर ८२ दिसायला लागल्यावर तो सोडून खाली येणं मनाला जड जातं, त्यामुळे "फरक नसेल तर मागे" हे आधीच लिहून ठेवलेलं बरं पडलं.

तिसरा, हेपरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, डोस वाढवण्याचा. यावर सर्वांत जास्त चर्चा झाली आणि ती खाटेच्या दोन्ही बाजूंनी झाली. डी-डायमर, म्हणजे गुठळ्या विरघळताना रक्तात येणारा घटक, बरंच वाढलेलं होतं. रुग्णाचा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, फुप्फुसात गुठळ्या होतात ना यात? मग रक्त पातळ करायचं औषध वाढवा की." हे अंधारातलं बोलणं नव्हतं. २०२० मध्ये कोव्हिडने दगावलेल्या सात जणांच्या आणि इन्फ्लुएन्झाने दगावलेल्या सात जणांच्या फुप्फुसांची तुलना प्रसिद्ध झाली होती. वायुकोशांच्या केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या कोव्हिडमध्ये इन्फ्लुएन्झाच्या नऊपट आढळल्या.

पण त्याच तुलनेचा दुसरा अर्थ असा की इन्फ्लुएन्झात त्या कितीतरी कमी असतात, आणि हा रुग्ण इन्फ्लुएन्झाचा होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या एकत्रित चाचणीत, अतिदक्षता पातळीचे उपचार लागणाऱ्या कोव्हिड रुग्णांना उपचाराच्या पूर्ण डोसने हेपरिन देऊन फायदा झाला नाही; फायदा दिसला तो त्याहून कमी आजारी असलेल्यांत. एकदा सूज आणि गुठळी एकमेकांत गुंतली की नुसती गोठणक्रिया रोखून वाहिनी उघडत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. पायांच्या शिरांच्या सोनोग्राफीत गुठळी नव्हती. डी-डायमर तर सूज कसलीही असली तरी वाढतं. प्रतिबंधक डोस चालू ठेवायचं ठरलं आणि मुलाला कारण सांगितलं: मोठी गुठळी सापडली तर डोस वाढवू, अंदाजावर नाही, कारण रक्तस्राव झाला तर तो याच फुप्फुसात होईल.

चौथा पर्याय वाहिन्या उघडणाऱ्या औषधांचा. कल्पना आकर्षक आहे: पाट बंद असतील तर उघडूया. पण जंतुदोषाच्या ७० रुग्णांवर नायट्रोग्लिसरीनची चाचणी २०१० मध्ये झाली, तीत जिभेखालचं रक्ताभिसरण सुधारलं नाही. उघडणारं औषध बंद वाहिन्या निवडून उघडत नाही, आधीच उघड्या असलेल्यांनाही रुंद करतं. हा पर्याय वहीत राहिला, हातात आला नाही. श्वासातून द्यायचा नायट्रिक ऑक्साइड मात्र राखीव ठेवला. तो हवा पोचते तिथल्याच वाहिन्या सैल करतो आणि उजव्या हृदयावरचा भार हलका करू शकतो. त्याने ऑक्सिजन तात्पुरता सुधारतो, मृत्यू कमी झाल्याचं दिसलेलं नाही, मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. म्हणून राखीवच.

पाचवा पर्याय व्हेंटिलेटरकडे बघण्याचा होता. तो सर्वांत शेवटी सुचला, कारण अडचण रक्ताभिसरणाची आहे असं ठरलं की नजर औषधांच्या पंपांवर खिळते.

कलाटणी: हृदयाची सोनोग्राफी

खाटेपाशीच केलेल्या इकोत डावं हृदय जोमात आकुंचन पावत होतं, पण त्यात भरायला रक्त कमी होतं. उजवा कप्पा फुगलेला, मधला पडदा डावीकडे दबलेला, खालची महाशीर टम्म आणि श्वासाबरोबर न हलणारी. मिनिटाला हृदयातून बाहेर पडणारं रक्त ३.९ लिटर.

आता तुकडे जुळले. पीप १४ आणि प्लॅटो ३१ मुळे फुप्फुसाचे जे भाग अजून उघडे होते ते ताणले जात होते, आणि ताणलेल्या वायुकोशांच्या भिंतीतल्या केशवाहिन्या चपट्या होत होत्या. आधीच सुजलेल्या, काही ठिकाणी गुठळलेल्या जाळ्यावर हा नवा दाब. उजव्या हृदयाला त्याविरुद्ध रक्त ढकलावं लागत होतं आणि ते थकलं होतं. मागे शिरा तुंबल्या होत्या. केशवाहिनीतून रक्त वाहतं ते दोन टोकांच्या दाबांतल्या फरकामुळे; एका टोकाला ६८ असून उपयोग काय, जर दुसऱ्या टोकाला १६ असेल? वरून दिलेलं प्रत्येक सलाइन याच तुंबलेल्या टोकाला जमा होत होतं.

काय केलं

पीप १४ वरून १२, मग १० वर आणला. प्लॅटो ३१ वरून २५ झाला. ढकलदाब, म्हणजे या दोन आकड्यांतला फरक, १७ वरून १५.

पुढची चाळीस मिनिटं अस्वस्थ गेली. सॅच्युरेशन ९३ वरून ९० वर उतरलं, धमनीतला ऑक्सिजनचा दाब ६० झाला. निवासी डॉक्टरांचा हात पीपच्या बटणाकडे जात होता, आणि ते स्वाभाविक होतं. आधीच वाईट असलेलं फुप्फुस आकड्यांवर आणखी वाईट दिसत होतं. त्या वेळी फळ्यावर हिशेब मांडला गेला.

हिमोग्लोबिन ९.८. दर ग्रॅमला १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन. सॅच्युरेशन ९३ असताना १०० मिलिलिटर रक्तात १२.४ मिलिलिटर ऑक्सिजन. ९० असताना १२. हृदयातून बाहेर पडणारं रक्त मात्र ३.९ वरून ४.५ लिटर झालं होतं. गुणाकार केला तर शरीराला मिनिटाला मिळणारा ऑक्सिजन ४८४ मिलिलिटरवरून ५४० वर गेला होता. सॅच्युरेशन तीन अंशांनी घटलं आणि पोचणारा ऑक्सिजन दहा-बारा टक्क्यांनी वाढला. कार्बन डायऑक्साइडही तेवढ्याच हवेत ५८ वरून ५० वर उतरला. मोकळ्या झालेल्या वाहिन्यांतून रक्त पुन्हा हवेला भेटू लागल्याची ही खूण. शिरेतला दाब १२ वर आला. बोटाला ४ सेकंद लागले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. दोन टोकांच्या दाबांतला फरक थोडासाच वाढला. त्यामुळे सगळं श्रेय "शिरेचा दाब कमी झाला" याला देता येत नाही. प्रवाहच वाढला होता. दाबाच्या वजाबाकीत तो पुरता उतरत नाही.

मग रुग्णाला पालथं केलं. २०१३ च्या चाचणीत, ऑक्सिजनचं गुणोत्तर (धमनीतला ऑक्सिजनचा दाब भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण, इथे ६८ भागिले ०.८) १५० च्या खाली असलेल्या गंभीर रुग्णांना रोज किमान १६ तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले होते. या रुग्णाचं गुणोत्तर पीप उतरवण्याआधी ८५ होतं, म्हणजे ही गोष्ट आदल्या संध्याकाळीच व्हायला हवी होती. ती नॉरॲड्रेनॅलिनच्या मोठ्या डोसच्या भीतीने थांबली होती. पालथं केल्याने फुप्फुसाचा मागचा भाग उघडतो, पीप कमी लागतो आणि उजव्या हृदयाला उसंत मिळते; म्हणजे भीतीचं जे कारण होतं त्यावरचाच तो एक उपाय होता. सतरा तास पालथं ठेवलं. दाब राखणारं दुसरं औषध, व्हॅसोप्रेसिन, मिनिटाला ०.०३ युनिट जोडलं आणि नॉरॲड्रेनॅलिन ०.२ वर उतरवलं. रक्तदाब औषधांवर टिकून असल्यामुळे हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २०० मिलिग्रॅम चालू केलं. इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियासाठी म्हणून स्टेरॉइड देणं वेगळं आणि शॉकसाठी, म्हणजे कोसळलेल्या रक्ताभिसरणासाठी, देणं वेगळं. कोव्हिडमधला अनुभव इन्फ्लुएन्झाला तसाच लावता येत नाही. हा फरक केसपेपरवर लिहून ठेवला.

जिभेखालची चित्रफीत

विभागात हातात धरायचा सूक्ष्मदर्शक होता. हिरव्या प्रकाशात हिमोग्लोबिन काळं दिसतं, त्यामुळे जिभेखालच्या पातळ अस्तरातून तांबड्या पेशी प्रत्यक्ष वाहताना दिसतात. पीप बदलण्याआधीच्या चित्रफितीत एक वाहिनी सुरळीत, तिच्या शेजारची ठप्प, तिसरी थांबत-थांबत वाहणारी. तासाभरानंतरच्या फितीत ठप्प वाहिन्या कमी होत्या.

हे पाहायला विलक्षण वाटतं, आणि म्हणूनच जपून राहावं लागतं. भिंग जरा जोरात टेकलं तरी वाहिनी दाबली जाऊन प्रवाह थांबलेला दिसतो. लाळेचा बुडबुडा आला की फीत वाया. तीन ते पाच जागांच्या फिती घेऊन नीट मोजमाप करायला वेळ लागतो, आणि "हा आकडा आला तर हे औषध" असं आजही कोणी सांगू शकत नाही. शिवाय जिभेखाली दिसतं ते शरीराचं रक्ताभिसरण, फुप्फुसाचं नव्हे. कोव्हिडच्या काही रुग्णांत तर जिभेखाली केशवाहिन्यांची दाटी वाढलेली आढळली होती. ऑक्सिजन कमी पडल्यावर शरीर जास्त वाहिन्या कामाला लावतं असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणून फीत घेतली, जपली, पण निर्णय तिच्यावर टेकवला नाही. निर्णयाला बोट, लॅक्टेट आणि इको पुरेसे होते.

बोटामागे थोडा पुरावाही आहे. २०१९ च्या ४२४ रुग्णांच्या चाचणीत जंतुदोषाच्या शॉकमध्ये बोटाचा रंग पाहून उपचार केलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू ३४.९ टक्के, लॅक्टेट पाहून केलेल्या गटात ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक थोडक्यात अपुरा पडला. पण काचपट्टी आणि घड्याळ एवढ्याच साहित्यावर चालणारी पद्धत रक्तचाचणीपेक्षा कमी ठरली नाही, हे बरंच झालं. विषाणूजन्य आजाराला ते जसंच्या तसं लागू करताना थोडी सावधगिरी हवी.

दुसरा निर्णयबिंदू: पाणी काढताना

चौथ्या दिवशी बोट ३ सेकंदांवर, लॅक्टेट १.९, नॉरॲड्रेनॅलिन ०.१२. पण मूत्रपिंड रुसलेलं. लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडला दाद नाही, मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन ३.१. सतत चालणारं संथ डायलिसिस लावून तासाला २०० मिलिलिटर पाणी काढायला सुरुवात झाली. फुप्फुस कोरडं करायची घाई सगळ्यांनाच होती.

सहा तासांनी रक्तदाब जसाच्या तसा, बोट मात्र ५ सेकंदांवर. उती आपलं पाणी वाहिन्यांत परत सोडतात त्याहून वेगाने यंत्र ते ओढत होतं. वेग १०० वर आणला, दोन तासांत बोट पुन्हा ३ वर. तेव्हापासून डायलिसिसच्या तक्त्यावरच बोटाचा रकाना जोडला: दर दोन तासांनी सेकंद लिहायचे, ४ च्या वर गेले की वेग निम्मा. ही सूचना सिस्टरांसाठी होती. त्यासाठी डॉक्टरांची वाट पाहायची गरज ठेवली नाही.

परिणाम

पालथं करण्याच्या तीन फेऱ्यांनंतर ऑक्सिजन ५० टक्क्यांवर आला. स्नायूंची ताकद इतकी गेली होती की गळ्यातून नळी टाकावी लागली. एकोणिसाव्या दिवशी व्हेंटिलेटर सुटला. डायलिसिस त्याआधीच थांबलं होतं, घरी जाताना क्रिएटिनिन १.६. उजव्या पायाच्या दोन बोटांची टोकं काळी पडून सुकली होती. ती कापली नाहीत, मेलेल्या भागाची सीमा स्पष्ट होईपर्यंत थांबलो आणि एका बोटाचं टोक आपणहून गळालं.

तीन महिन्यांनी फुप्फुसाची चाचणी केली. हवा मावण्याची क्षमता जवळपास पूर्ववत, वायू रक्तात उतरण्याची क्षमता मात्र अपेक्षेच्या बरीच खाली. हवेची बाजू सुधारली आणि रक्ताची मागे राहिली, असं यातून सुचतं. जिना चढताना ते अजून मध्ये थांबतात.

वेगळं काय करता आलं असतं

पालथं करणं बारा तास आधी शक्य होतं. नॉरॲड्रेनॅलिनचा डोस मोठा आहे हे एकटं कारण पुरेसं नव्हतं. तेव्हाच इको झाली असती तर भीतीचा खरा पत्ता लागला असता. कार्बन डायऑक्साइड आदल्या दिवसापासून चढत होता, पण त्याला श्वासांची संख्या वाढवून उत्तर दिलं गेलं. भरपूर हवा देऊनही तो उतरत नसेल तर फुप्फुसातल्या रक्ताबद्दल प्रश्न विचारायला हवा.

पहिल्या दोन दिवसांच्या नोंदींत बोटाबद्दल दोनदा "रंग उशिरा येतो" असं लिहिलेलं सापडलं. किती उशिरा ते नाही, कोणतं बोट ते नाही, हात गार होता का तेही नाही. सेकंद लिहिले असते तर ३ वरून ६ कडे जाणारा चढ आदल्या रात्रीच दिसला असता. खोली गार असेल किंवा त्याच हाताच्या धमनीत सुई असेल तर आकडा फसवतो, त्यामुळे हात आणि बोट ठरलेलं असावं.

पीप उतरवणं, पालथं करणं, व्हॅसोप्रेसिन आणि हायड्रोकॉर्टिसोन हे सगळं चोवीस तासांच्या आत घडलं. पहिल्या तासातला बदल पीपचा, हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं, कारण तेव्हा दुसरं काही बदललेलं नव्हतं. त्यानंतरच्या सुधारणेत कशाचा वाटा किती, हे या एका रुग्णावरून वेगळं काढता येत नाही. पायाची बोटं वाचली असती का, याचंही उत्तर तसंच: नॉरॲड्रेनॅलिनचा मोठा डोस अठरा तासांऐवजी सहा तास चालला असता तर शक्यता होती, एवढंच.